व्यक्तिगत संकेतस्थळ आणि स्वामित्व हक्क

आपल्या धर्मग्रामांतील अनेक तरुण आणि निवृत्त मंडळी आज हौसेने स्वतःचे संकेतस्थळ उभारीत आहेत. कोणी घराण्याची वंशावळ मांडतो, कोणी गावच्या चर्चचा इतिहास लिहितो, कोणी आजीच्या तोंडची लग्नगीते जपून ठेवतो. हे कार्य निश्चितच स्तुत्य आहे. परंतु संकेतस्थळ सजविताना चित्र एकीकडून, गीत दुसरीकडून, लेख तिसरीकडून घेतला जातो. कोणी विचारलेच तर "आम्ही यातून कुठे पैसे मिळवतो?" असे उत्तर येते. या उत्तरामागे वाईट हेतू नसतो, हे आम्ही जाणतो. तथापि ज्याने ते चित्र रेखाटले, ते गीत रचले, त्याच्या श्रमांचे काय, हा प्रश्न उरतोच. 'चोरी करू नकोस' ही सातवी आज्ञा आपण बालपणापासून पाठ केली आहे. ती केवळ शेजाऱ्याच्या वाडीतील नारळांपुरती नाही. म्हणूनच स्वामित्व हक्क, म्हणजे ज्याला आपण सर्रास कॉपीराइट म्हणतो, त्याची आवश्यक माहिती येथे एकत्रित देत आहोत.

'व्यक्तिगत' म्हणजे खासगी नव्हे

बहुतेक गैरसमजांचे मूळ 'व्यक्तिगत' या शब्दात आहे. भारतीय कायद्याने खासगी वा व्यक्तिगत वापरासाठी, तसेच संशोधनासाठी रास्त प्रमाणात उपयोग करण्याची सवलत दिलेली आहे. एखादी कविता वहीत उतरवून घेणे या सवलतीत बसते. परंतु तीच कविता संकेतस्थळावर ठेवली की जगातील कोणीही ती वाचू शकतो. संकेतस्थळाचा मालक एकटा असला तरी त्याचे वाचक अगणित असतात. त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने ती कृती 'लोकांपर्यंत पोहोचविणे' ठरते आणि खासगी वापराची सवलत तिला लागू होत नाही. त्यातून कमाई होत नाही, एवढ्याने परवानगीची गरज संपत नाही.

कायदा काय सांगतो?

आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू असून तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. साहित्य, नाट्य, संगीत, चित्र, छायाचित्र, चित्रपट आणि ध्वनिमुद्रण या सर्वांना त्याचे संरक्षण आहे. हा हक्क मिळण्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. कृती निर्माण होताच हक्क निर्माण होतो. तेव्हा पानावर वर्तुळातील 'सी' हे चिन्ह दिसत नाही म्हणून ती सामग्री मोकळी आहे, असे मानू नये. परदेशी लेखक-चित्रकारांच्या कृतींनाही, १८८६ च्या बर्न कराराचा भारत सदस्य असल्यामुळे, येथे संरक्षण मिळते.

हक्क असतो तो मांडणीवर आणि शब्दांवर. घटना, माहिती किंवा कल्पना यांवर नसतो. चर्च कोणत्या साली बांधले, सणाला कोण प्रमुख पाहुणे होते, हे वर्तमानपत्रात वाचून आपण स्वतःच्या शब्दांत अवश्य लिहावे. मात्र बातमीदाराचे वृत्त जसेच्या तसे उतरविणे किंवा कात्रणाचे चित्र लावणे ही निराळी गोष्ट आहे. समीक्षेसाठी वा परीक्षणासाठी रास्त प्रमाणात अवतरण देता येते, पण लेखकाचा व ग्रंथाचा उल्लेख हवाच.

आणखी एक बाब लक्षात ठेवावी. कलम ५७ नुसार कृतीवर आपले नाव असण्याचा आणि तिची मानहानीकारक मोडतोड रोखण्याचा अधिकार निर्मात्याला आहे. हक्क विकल्यानंतरही तो त्याच्याकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातील भित्तिशिल्प काढून टाकताना त्याची हानी झाली होती. त्या प्रकरणी दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली याच तत्त्वावर शिल्पकाराच्या बाजूने निर्णय दिला. छायाचित्राच्या कोपऱ्यातील नाव कापून टाकणे आम्हांला क्षुल्लक वाटत असेल. छायाचित्रकाराला ते तसे वाटत नाही.

कायद्याचा भंग जाणूनबुजून केल्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. व्यापारी लाभासाठी भंग झालेला नसेल, तर कारणे नोंदवून न्यायालय ही शिक्षा कमी करू शकते.

मुदत किती?

लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर पुढील वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे हा हक्क टिकतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोरांचे निधन १९४१ साली झाले. त्यांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपणार होता. त्या पार्श्वभूमीवर मुदत दहा वर्षांनी वाढविण्यात आली. ध्वनिमुद्रण व चित्रपट यांची मुदत प्रकाशनानंतर ६० वर्षे आहे. छायाचित्रांना २०१२ च्या दुरुस्तीपासून लेखनाप्रमाणेच छायाचित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षांची मुदत मिळते.

आपल्याच परंपरेतील उदाहरणे घेऊ. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले आणि १६१९ साली त्यांचे निधन झाले. मूळ ओव्या कोणीही संकेतस्थळावर ठेवाव्यात. परंतु अलीकडच्या संपादकाने लिहिलेली प्रस्तावना, दिलेले शब्दार्थ व टीपा आणि आजच्या मराठीत केलेले भाषांतर हे त्या संपादकाचे स्वतंत्र श्रम आहेत. नव्या आवृत्तीची पाने जशीच्या तशी चढविणे योग्य नव्हे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली आणि लक्ष्मीबाई टिळक १९३६ साली निवर्तल्या. त्यामुळे टिळकांनी आरंभिलेले व लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेलेले 'ख्रिस्तायन' आज सर्वांचे झाले आहे. याउलट फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला आणि फादरांचे निधन २५ जुलै २०२४ रोजी झाले. त्यांच्या लेखनावरील हक्क २०८४ सालच्या अखेरपर्यंत राहील. देवाचे वचन सर्वांसाठी आहे हे खरे, परंतु ते मराठीत आणण्यासाठी कोणीतरी वर्षानुवर्षे रात्री जागवलेल्या असतात. पोपमहोदयांच्या दस्तऐवजांच्या प्रकाशनाचे हक्कही व्हॅटिकनची प्रकाशनसंस्था, लिब्रेरिया एदित्रीचे वातिकाना, पाहते. अशा वेळी संपूर्ण मजकूर उतरविण्यापेक्षा थोडक्यात सारांश लिहून मूळ पानाचा दुवा द्यावा.

चित्रे आणि छायाचित्रे

लिओनार्दो दा विंची १५१९ साली निवर्तला. त्याचे 'शेवटचे भोजन' कोणाच्या मालकीचे उरलेले नाही. परंतु आपल्या अनेक घरांत दिसणारे, तपकिरी छटेतील प्रभू येशूचे मुखचित्र वॉर्नर सॉलमन या अमेरिकन चित्रकाराने १९४० साली रंगविले. त्याचे निधन १९६८ सालचे. म्हणजे भारतात या चित्रावरील हक्क २०२८ अखेरपर्यंत आहे. चित्र भक्तिपर आहे म्हणून ते विनामालक ठरत नाही.

लग्नाच्या वा प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या छायाचित्रांबाबत वारंवार विचारणा होते. आपण मोबदला देऊन छायाचित्रे काढून घेतली असतील आणि वेगळा करार नसेल, तर कायद्याने पहिला हक्क काम सांगणाऱ्याचा असतो. तरीही छायाचित्रकाराचे नाव देणे ही सभ्यता आहे. मात्र सणाच्या दिवशी कोणी हौसेने, विनामोबदला टिपलेले छायाचित्र टिपणाऱ्याचेच राहते, त्यात आपण स्वतः उभे असलो तरीही.

भक्तिगीते, प्रवचने आणि लोकगीते

खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गीत गाणे वा वाजविणे हा हक्कभंग नव्हे, अशी स्पष्ट तरतूद कलम ५२ मध्ये आहे. विवाहसोहळ्यालाही ती लागू होते. म्हणून मिस्सामध्ये गायनमंडळाने निर्धास्तपणे गावे. परंतु ही सवलत विधीपुरती आहे. त्याच गीताचे ध्वनिमुद्रण संकेतस्थळावर कायमचे ठेवणे किंवा गीतसंग्रहातील शब्द तेथे उतरविणे यासाठी गीतकार, संगीतकार व ध्वनिमुद्रण करणारी संस्था यांची परवानगी घ्यावी. चित्रपटगीताच्या चालीवर भक्तिगीत रचले असेल, तर शब्द आपले असले तरी चाल दुसऱ्याची असते, हेही विसरू नये.

जाहीर भाषणावर प्रथम हक्क ते देणाऱ्याचा असतो. तेव्हा धर्मगुरूंचे प्रवचन ध्वनिमुद्रित करून संकेतस्थळावर घालण्यापूर्वी फादरांना विचारावे. त्यांना एखादे वाक्य सुधारावयाचे असेल, तर तीही संधी त्यांना मिळेल.

वसई परिसरातील कादोडी बोलीतील पारंपरिक लग्नगीते कोणा एकाची नाहीत. ती समाजाची ठेव आहेत. परंतु जी वृद्ध आजी ती आपल्याला गाऊन दाखविते, तिच्या त्या गायनावर कायद्याने ५० वर्षे कलाकाराचा हक्क असतो. गाणे जगासमोर जाणार आहे हे तिला आधी सांगावे, तिची संमती घ्यावी आणि तिचे नाव कसे लिहावे हेही तिलाच विचारावे.

परवानगी कशी मागावी?

'सौजन्य' एवढा शब्द लिहिला की काम झाले, असा समज आढळतो. नामोल्लेख आवश्यकच आहे, पण तो परवानगीची जागा घेऊ शकत नाही. परवानगी लेखी घ्यावी. ई-मेलने आलेले उत्तरही जपून ठेवावे. पत्रात पुढील गोष्टी असाव्यात :

१. आपले नाव, संकेतस्थळाचा पत्ता व उद्देश.
२. नेमकी कोणती कृती हवी आहे आणि ती पूर्ण की अंशतः.
३. कोणत्या पानावर व किती काळासाठी ठेवणार.
४. काही बदल वा कापाकापी करणार आहात काय.
५. निर्मात्याचे नाव कोणत्या स्वरूपात देणार.

लेखक हयात नसल्यास त्यांच्या वारसांकडे किंवा प्रकाशकाकडे विचारणा करावी. उत्तर न आल्यास मौन म्हणजे होकार असे समजू नये. दुसरी सामग्री शोधावी. हक्कधारकाने आक्षेप घेतल्यास वाद न घालता ती सामग्री तात्काळ काढावी आणि दिलगिरी व्यक्त करावी.

मोकळ्या वाटा

इतके वाचून कोणी संकेतस्थळाचा बेतच सोडून देऊ नये. २००१ साली स्थापन झालेल्या क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने असे परवाने तयार केले आहेत की ज्यांद्वारे निर्माता आपली कृती इतरांना आधीच वापरण्यास देतो. काही परवान्यांत केवळ नामोल्लेख पुरतो, काहींत व्यापारी वापर वा बदल यांस मनाई असते. अट वाचूनच कृती घ्यावी. विकिमीडिया कॉमन्सवर अशी असंख्य चित्रे उपलब्ध आहेत. आणि सर्वांत मोकळी वाट म्हणजे स्वतः लिहावे, स्वतः छायाचित्र टिपावे. आपल्या गावच्या क्रुसाचे आपण टिपलेले साधे छायाचित्र परदेशी संकेतस्थळावरून उचललेल्या झगमगीत चित्रापेक्षा वाचकाला अधिक जवळचे वाटेल.

आपल्या समाजातील गीतकार, लेखक आणि छायाचित्रकार बहुधा अल्प मोबदल्यात, पुष्कळदा विनामोबदला काम करीत असतात. अनेकांच्या पदरी नावाखेरीज दुसरे काही पडत नाही. ते नावही आपण पुसले, तर उद्या नवे गीत कोण रचील? विचारण्यासाठी एक पत्र पुरते, आणि विचारल्यावर बहुतेक निर्माते आनंदाने होकार देतात, असाच आमचा अनुभव आहे.