चंद्रपूर (स्थलनाम)

चंद्रपूर : विदर्भातील गोंड राजांची व गोव्यातील भोज-कदंब राजांची राजधानी, अशा दोन भिन्न नगरांचे नाव. लोकांच्या बोलण्यात पहिल्याचे ‘चांदा’ आणि दुसऱ्याचे ‘चांदर’ किंवा ‘चांदोर’ असे रूप रूढ झाले. नाव एक असले, तरी दोहोंची स्थापना व उत्तरकालीन वाटचाल सर्वस्वी वेगळी आहे.

विदर्भातील चंद्रपूर इरई व झरपट या नद्यांच्या संगमाजवळ वसले आहे. गोंडांची राजधानी प्रथम सिरपूर येथे व नंतर वर्धा नदीकाठी बल्लारपूर येथे होती. परंपरेनुसार पंधराव्या शतकातील खांडक्या बल्लाळशाह हा त्वचारोगाने पीडित होता. शिकारीच्या वेळी झरपटच्या पात्रातील कुंडाच्या पाण्याने त्यास आराम पडला. त्या स्थानी अंचलेश्वराचे मंदिर उभे राहिले. पुढे कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा राजाच्या कुत्र्याचाच पाठलाग करताना दिसला. ही भूमी शूरांची आहे असे मानून, सशाने घेतलेल्या फेऱ्याच्या मार्गावर तट बांधण्याचा सल्ला राणीने दिला, अशी आख्यायिका आहे. तटाचे काम पुढील राजांच्या काळातही चालू राहिले व धुंड्या रामशाहाच्या वेळी ते पूर्ण झाले. सु. ११ ते १२ किमी. घेराच्या या तटास जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा हे चार दरवाजे आणि पाच खिडक्या आहेत. अठराव्या शतकाच्या आरंभी राणी हिराईने पती बीरशाहाची समाधी व महाकालीचे मंदिर बांधले.

१७५१ मध्ये नीळकंठशाहाचा पराभव करून रघूजी भोसले यांनी हे राज्य नागपूरच्या सत्तेस जोडले. १८१८ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला आणि १८५३ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर येथे चांदा जिल्हा निर्माण झाला. १९६४ मध्ये शहर व जिल्हा यांना चंद्रपूर हे नाव देण्यात आले. १९८२ मध्ये जिल्ह्याच्या पूर्वेकडील वनप्रदेशाचा गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. कोळशाच्या खाणी व औष्णिक वीज केंद्र यांमुळे शहराचा विस्तार तटाबाहेर झाला.

गोव्यातील चंद्रपूर म्हणजे सासष्टी तालुक्यातील कुशावती नदीकाठचे आजचे चांदर गाव होय. त्याच्या प्राचीनत्वास आख्यायिकेचा नव्हे, तर ताम्रपटाचा आधार आहे : भोज राजा देवराजाचा शिरोडे येथील सु. चौथ्या शतकातील ताम्रपट ‘चंद्रउर’ येथून दिला गेला होता. ‘पुर’चे ‘उर’ हे प्राकृत रूप पाहता ‘चांदर’ हे नाव पोर्तुगीजांनी घडविलेले नसून देशी उच्चारातूनच आले, असे दिसते. पुढे कदंबांनीही येथून राज्य केले. परंतु अकराव्या शतकात त्यांनी राजधानी जुवारी नदीच्या मुखाजवळील गोपकपट्टण या बंदरात नेली. समुद्री व्यापार तिकडे वळल्याने चंद्रपूर मागे पडले आणि चौदाव्या शतकातील आक्रमणांत ते उद्ध्वस्त झाले. १९२९ मध्ये फादर हेरास यांनी केलेल्या उत्खननात विटांच्या शिवमंदिराचे अवशेष व मस्तकहीन नंदी आढळला.

नाशिक जिल्ह्यातील चांदवडचाही येथे उल्लेख करणे अगत्याचे आहे. इंग्रजी कागदपत्रांत त्यास ‘चांदोर’ असेच म्हटले जाई. यादव घराण्याचा मूळपुरुष दृढप्रहार याचे चंद्रादित्यपूर ते हेच, असे मानले जाते.

यावरून नाव व नगर यांची वये एकच असतात असे नाही, हे स्पष्ट होते. गोव्यात नाव लेखात टिकले, पण नगर मातीखाली गेले. विदर्भात नगर सतत नांदते राहिले. कागदोपत्री नाव मात्र बदलले. लोकपूर, इंदुपूर ही विदर्भातील नगराची जुनी नावे परंपरेने सांगितली जातात, तथापि केवळ संस्कृत नावाच्या आधारे त्याचा उगम गोंडपूर्व काळात नेणे युक्त नव्हे. आज दिसणारे तटबंदीचे शहर ही गोंड राजांची निर्मिती असून तिचे श्रेय नामसाम्यात हरवता कामा नये.