साबणापासून पावसापर्यंत : बंगळूरचं टाटा इन्स्टिट्यूट आणि माझ्या हातची एक नोटीस



आपल्या बेळगावात अजून ऐकू येतं, बंगळूरला आपण जातो ते नोकरीपुरतं, तिथलं आपलं असं काही नाही. मीही तसंच म्हणायचो. बी.कॉम. झालो, १९७२ साली बँकेत लागलो, ३९ वर्षं खतावण्या लिहून निवृत्त झालो. १९७९ मध्ये बदली झाली ती बंगळूरच्या मल्लेश्वरम भागात. तिथून इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स जवळ. पण रिक्षावाल्याला हे नाव सांगितलं तर तो नुसता बघत राहायचा. "टाटा इन्स्टिट्यूट" म्हटलं की लगेच मीटर टाकायचा.

नाव टाटांचं, कारण कल्पना जमशेटजींची. ते १९०४ मध्ये गेले आणि संस्था सुरू झाली १९०९ मध्ये. म्हैसूर दरबाराने ३७१ एकर जागा दिली. पहिले संचालक मॉरिस ट्रॅव्हर्स. विरळ वायूंच्या शोधात रॅम्से यांचे जोडीदार होते, एवढा मोठा माणूस. माझ्या डोक्यात या संस्थेचं चित्र म्हणजे काचेच्या नळ्या, जाड चष्मे आणि आपल्याला न कळणारं काहीतरी. ते चित्र मोडलं एका साबणाने.

आमच्या घरी आई सणासुदीला म्हैसूर सँडल साबण काढायची. त्या साबणातल्या तेलाची गोष्ट अशी. पहिलं महायुद्ध लागलं आणि म्हैसूरचं चंदनाचं लाकूड युरोपात जायचं बंद झालं. माल पडून, खजिन्यात तूट. तेव्हा संस्थेतल्या सडबरो आणि वॉटसन या रसायनतज्ज्ञांनी इथल्या इथे चंदनाचं तेल काढायची पद्धत बसवली. १९१६ पासून सरकारी कारखान्यात तेल निघू लागलं, पाठोपाठ साबण आला. म्हणजे जगात नाव झालेल्या या संस्थेचं सुरुवातीचं मोठं काम काय, तर पडून राहिलेल्या मालाचं करायचं काय, हा व्यापाऱ्याचा प्रश्न. कॉमर्सवाल्याला हे लगेच पटलं.

याच संस्थेत गिल्बर्ट फाउलर नावाचे प्राध्यापक शहराच्या सांडपाण्यावर काम करत. जिवंत जंतू असलेला गाळ वापरून मैलापाणी शुद्ध करायची जी पद्धत आज जगभर आहे, तिच्या मँचेस्टरमधल्या जन्माशी त्यांचा जवळचा संबंध होता. एका विभागात सुगंधी तेल, दुसरीकडे गटाराचं पाणी. दोन्ही शास्त्रच.

आता आपल्या माणसांकडे येतो. इंदूरच्या मंडळींनी इथे कान द्यावा. कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, जन्माने इंदूरच्या. दुर्गाबाई भागवतांच्या सख्ख्या भगिनी. वडील आणि काका दोघेही याच संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले. १९३३ मध्ये कमलाबाई मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन प्रवेशाला गेल्या, तर संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. बाई हटल्या नाहीत, तिथेच सत्याग्रह मांडला. शेवटी अटींवर प्रवेश मिळाला. वर्षभर कामावर नजर ठेवू, मगच नियमित करू, अशी एक अट. पुढे त्या केंब्रिजला गेल्या, डॉक्टरेट झाल्या, हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत आहे. पण बंगळूरला त्यांनी अभ्यास कशाचा केला? दुधातल्या आणि डाळी-कडधान्यांतल्या प्रथिनांचा. म्हणजे गरिबाच्या ताटात जे पडतं त्याचा.

दुसरं नाव विष्णू माधव घाटगे. कोल्हापूर जिल्ह्यातले, म्हणजे आपले शेजारी. जर्मनीत गटिंगनला प्रांट्ल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली. १९४२ मध्ये संस्थेत विमानविद्येचा विभाग निघाला, तो उभा करणाऱ्यांत ते होते. हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी आखलेलं एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचं विमान १९५१ मध्ये उडालं. त्याच वर्षी सतीश धवन संस्थेत आले. ध्वनीपेक्षा वेगवान वाऱ्याचा बोगदा बांधून त्यात विमानांच्या आकारांची परीक्षा होऊ लागली. पुढे धवन संस्थेचे संचालक झाले आणि इस्रोचे प्रमुखही.

मी बंगळूरला होतो तेव्हा हे मला काही माहीत नव्हतं. तीन वर्षांनी ग्रामीण शाखेची बदली आली. तुमकूर जिल्ह्याचा कोरडा भाग, पावगड तालुक्याच्या अंगाला. आपल्याकडच्या शेंगा त्यांच्याकडे कडलेकाई. मैलोन्‌मैल तेवढंच पीक, तेही पावसाच्या भरवशावर.

त्याच जिल्ह्यात एका घरी कर्जाची पाहणी करायला गेलो असताना धूर नसलेली चूल पाहिली. मातीचीच, पण तीन भांडी एकदम बसतील अशी आणि धुराडं असलेली. घरातली बाई म्हणाली, "अस्त्र ओले." ओले म्हणजे चूल, एवढं आपल्याला कळतं. पण अस्त्र कसलं? नंतर समजलं, १९७४ मध्ये संस्थेतल्या अमूल्य रेड्डींनी खेड्यांसाठी 'अस्त्र' नावाचा गट काढला होता. तुमकूर जिल्ह्यातल्याच उंग्र गावात त्यांचं केंद्र होतं. सरपण किती जळतं, बायकांचे किती तास लाकूडफाटा गोळा करण्यात जातात, हे घरोघरी मोजून त्यांनी चुलीवर काम केलं. विमानाचा आकार तपासणाऱ्या संस्थेनेच चुलीतली लाकडंही मोजली.

आणि इथून माझी गोष्ट सुरू होते.

पीककर्जाचं वाटप जूनअखेर पुरं करा, असा वरून तगादा असायचा. एक शेतकरी होता, वयाने माझ्याहून मोठा. तो म्हणाला, "सार, यंदा पहिल्या पावसावर पेरायची इच्छा नाही. थांबतो. पैसे जुलैत द्या." मी त्याला नियम ऐकवला. पैसे आत्ता उचल, पेरणी करून पाहणी करून घे, नाहीतर पुढच्या वर्षी नाव गाळलं जाईल. त्याने पैसे उचलले, पेरणी केली. शेंगांना आऱ्या सुटायच्या वेळी पाऊस गेला तो गेलाच. पुढच्या वर्षी कर्ज थकलं. मी नोटीस काढली. तो कचेरीत आला आणि तारखेचीच गोष्ट पुन्हा सांगू लागला. मी फाइलवर शेरा मारला, "कर्जदाराची टाळाटाळ." त्याने बैलजोडी विकून पैसे भरले. मी खातं बंद केलं. त्या वर्षी वसुलीबद्दल माझं कौतुक झालं.

निवृत्तीनंतर एकदा सुलोचना गाडगीळांच्या कामाबद्दल वाचलं. सुलोचनाबाई आणि त्यांचे पती माधव गाडगीळ, दोघेही पुण्याचे, १९७३ मध्ये या संस्थेत आले. आपण भूगोलात शिकलो की उन्हाळ्यात जमीन तापते आणि समुद्रावरचे वारे पाऊस घेऊन येतात. बाईंनी सिक्का यांच्याबरोबर उपग्रहाची छायाचित्रं दिवसामागून दिवस तपासली. विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर ढगांचा पट्टा तयार होतो आणि उत्तरेकडे सरकत येतो, काही आठवड्यांनी पुन्हा नवा पट्टा येतो, हे १९८० मध्ये त्यांनी दाखवून दिलं. पण त्या तिथे थांबल्या नाहीत. पावगड-अनंतपूर भागातल्या भुईमूग शेतकऱ्यांशी बोलून, तुम्हाला पावसाचं नेमकं काय कळायला हवंय, असं त्यांनी विचारलं. पेरणीची तारीख पुढेमागे झाली की धोका किती बदलतो, हे अनेक वर्षांच्या पावसाच्या नोंदींवरून मांडलं.

पावगड हे नाव वाचलं आणि हातातला कागद खाली ठेवला. मोठ्या शास्त्रज्ञ बाईंनी शेतकऱ्याला जे मुद्दाम जाऊन विचारलं, ते माझ्या टेबलासमोर उभं राहून एकाने न विचारता सांगितलं होतं. मी ते टाळाटाळ म्हणून लिहून ठेवलं.

माधवरावांचंही तसंच. कारवारकडच्या जंगलात कागदासाठी बांबू तोडत. बेटाच्या बुडाशी असलेलं काटेरी जाळं साफ केलं की बांबू चांगला वाढतो, अशी वनखात्याची समजूत. गावकरी सांगत, उलट आहे, काटे गेले की कोवळे कोंब जनावरं खातात. माधवरावांनी स्वतः पाहणी केली आणि गावकरी खरे ठरले.

नातवाने मध्यंतरी विचारलं, "आजोबा, तिथे नक्की कशावर संशोधन होतं?" मी त्याला चंदनाचं तेल, सांडपाणी, डाळी, विमान, चूल, बांबू आणि पाऊस अशी यादी सांगितली. तो हसला, म्हणाला हे तर वाण्याच्या दुकानासारखं झालं. खरं आहे. पण त्यातलं पुष्कळसं कुणाच्या तरी अडचणीतून निघालेलं आहे, आणि ती अडचण आधी कुणीतरी नीट ऐकून घेतलेली आहे.

त्या शेतकऱ्याचं नाव मला आठवतं, इथे लिहीत नाही. तो आता असायची शक्यता कमी. फाइलवरचा तो शेरा बदलता येत नाही, म्हणून निदान इथे लिहितो. तो टाळाटाळ करत नव्हता. त्याचं बरोबर होतं.

तुमच्यापैकी कुणाच्या घरातलं माणूस त्या संस्थेत शिकलं असेल, कामाला असेल, तर खाली जरूर लिहा. आपल्या मुलांना ते वाचायला मिळू दे.