सेगावचं टपाल शेगावला

मागच्या दिवाळीआधी आम्ही हळदीच्या पुड्यांसाठी छापील पिशव्या मुंबईहून मागवल्या. चार-पाच दिवसांत येतील म्हणाले होते. आल्या अकराव्या दिवशी. मधले सहा दिवस ते खोकं दुसऱ्याच वायगावात पडून होतं. आपल्या जिल्ह्यात वायगाव दोन, हे तुम्हाला ठाऊकच आहे. हळदीचं वायगाव समुद्रपूर तालुक्यात, आणि वायगाव निपाणी वर्धा तालुक्यात. आम्ही पत्त्यावर नुसतं ‘वायगाव, जिल्हा वर्धा’ लिहिलेलं. चूक आमचीच, पण दिवाळीचा बाजार हातचा गेला तो गेलाच. गटाच्या बैठकीत बोलणी झाली. एक जण म्हणाली, “मुंबई एवढी दूर हाये, उशीर तर होणारच नं!” खरंच दूरमुळे उशीर होतो का? म्हणून जुनी माहिती काढायला बसलो.

रेल्वे नव्हती तेव्हा टपाल हरकारे न्यायचे. हातात भाला, त्याला घुंगरं. काही मैल पळायचं आणि पुढच्या चौकीवर थैली दुसऱ्याच्या खांद्यावर द्यायची. पार्सलं कावडीत टाकून नेत, त्याला ‘बंगी डाक’ म्हणत. जड मालाचे हाल तर विचारूच नका. हिंगणघाटचा कापूस तेव्हाही नावाजलेला. नागपूर-वऱ्हाडाकडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून पार गंगेकाठच्या मिर्झापूरला जायचा, तिथून नावेनं कलकत्त्याला. कित्येक आठवडे लागायचे. वाटेत पाऊस आला की आपली काळी माती बैलाचा पाय सोडत नाही, तुम्हाला काय सांगायचं! 1867 मध्ये मुंबईची रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचली आणि आठवड्यांचे दिवस झाले.

पण रेल्वे स्टेशनात येते, दारात नाही. याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या घराजवळचंच आहे.

1936 मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगाव नावाच्या खेड्यात राहायला आले. वर्ध्याहून जेमतेम आठ किलोमीटर, पण धड रस्ताही नाही. देशभरातून, परदेशातून त्यांना पत्रं यायची. आता गंमत बघा. मुंबई-नागपूरच्या त्याच रेल्वेमार्गावर, 200 किलोमीटरवर, बुलढाणा जिल्ह्यात गजानन महाराजांचं शेगाव. सेगावचं टपाल शेगावला उतरायचं! इंग्रजीत लिहिलं तर फरक एका अक्षराचा. शेवटी 1940 मध्ये गावाचं नावच बदललं आणि सेवाग्राम ठेवलं. सेवेचं गाव म्हणून सेवाग्राम, हे आपण शाळेत शिकलो. टपालाच्या घोटाळ्यामुळे नाव बदललं, हे मात्र आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ज्या माणसाचा पत्ता साऱ्या देशाला माहीत, त्याची पत्रं चुकत होती. आपल्या पिशव्यांचं काय घेऊन बसलात!

गांधीजींच्या गावाचं नाव बदलता आलं, सगळ्या गावांचं कसं बदलणार? सेलू आपल्याकडे आहे, परभणीतही आहे. त्यावर उपाय आला 15 ऑगस्ट 1972 ला, पिनकोड. तो बसवणारे टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर, आपले मराठी माणूस आणि संस्कृतचे कवी. सेवाग्रामचा पिन 442102, शेगावचा 444203. सुरुवातीचे 44 दोन्हीकडे सारखे, तिसऱ्या आकड्यावर वाट फुटते. शेवटचे तीन आकडे पोस्ट सांगतात. पण त्या एका पोस्टाखाली अनेक गावं असतात, म्हणून पिन लिहिला तरी गाव आणि तालुका सुटता कामा नये.

दारात पैसे देऊन वस्तू घेणं नवं वाटतं ना? ते 1877 पासून आहे. आपल्या आजीच्या काळी ‘व्ही.पी.नं मागवलं’ म्हणायचे, ते हेच. पोस्टमन वस्तू द्यायचा, पैसे घ्यायचा, खातं ते पैसे दुकानदाराला पाठवायचं. घर बंद असलं की पार्सल परत. आजही तेच. कापूस वेचणीच्या दिवसांत भर दुपारी कोणत्या घरात बाई सापडते?

आता समृद्धी महामार्ग आहे, नागपूर ते मुंबई 701 किलोमीटर. ट्रक एका रात्रीतून बरंच अंतर तोडतो. दिवस जातात ते माल उतरवून वेगळा करण्यात, तालुक्याला गाडी भरेपर्यंत थांबण्यात, आणि शेवटच्या पाच-सात किलोमीटरमध्ये. मुलगा फाट्यावरून फोन करतो, फोन शेतात लागत नाही.

आणखी एक गोष्ट, जरा बोचणारी. आमच्या एका बाईचं शिलाई मशीनचं सामान परत गेलं. पार्सल तिच्याच नावावर होतं. त्या मुलानं गावात तीन जणांना नाव विचारलं, तिघंही नाही म्हणाले. तिला सगळे मुलाच्या आईच्या नावानं ओळखतात, किंवा नवऱ्याच्या. वीस वर्षं झाली त्या गावात नांदायला येऊन.

आता आम्ही पत्ता असा लिहितो : तिचं नाव, गटाचं नाव, जवळची खूण, गाव, तालुका, जिल्हा, पिन आणि जी दिवसा घरी असते तिचा फोन. आणि गटाच्या फलकावर सगळ्या बायांची नावं रंगवून घेतली आहेत, पूर्ण नावं. फलक अंगणवाडीच्या भिंतीला आहे, फाट्यावरून येताना आधी तोच दिसतो.