रानकोंबड्याच्या मानेचा प्रवास

गळाला मासा लागतो तो आमिषामुळे, आणि आमिष म्हणजे खाण्याची वस्तू: गांडूळ, कोळंबी, कणकेची गोळी. कोकणात गरीने मासे गरवणारा हेच सांगेल, आणि पवई तलावाच्या काठी रोहू-कटल्याची वाट पाहत बसलेला हौशी गळवालाही. पण गळाची आणखी एक परंपरा आहे. तिच्यात आमिष खाण्याजोगे नसतेच. आकड्याभोवती रेशमी दोरा गुंडाळायचा, त्यात पिसे आणि केस बांधायचे आणि माशाला किड्याचा किंवा पिटुकल्या माशाचा भास द्यायचा. ट्राउट आणि सामन माशांसाठी युरोपात अशा ‘माश्या’ हाताने बांधतात. शिशाचे डोके ओतलेला तिचाच वजनदार भाऊबंद म्हणजे जिग. गोठलेल्या तळ्याच्या बर्फाला भोक पाडून तो खाली सोडतात. या परदेशी छंदाशी मुलुंड-बोरिवलीच्या माणसाचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो सह्याद्रीतून जातो.

आधी आपल्याकडचे पाहू. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ आहे. माशांच्या जाती, त्यांची खाणी, काठी, दोर, आकडा यांचा तिथे तपशीलवार विचार केला आहे. ठरलेल्या जागी आधी खाणे टाकून मासे जमवायचे आणि मग गळ टाकायचा, ही युक्तीही सांगितली आहे. राजा पिसांच्या वाटेला जात नाही, पिठाच्या गोळ्यांवर त्याचे भागते. त्यात शहाणपण आहे. आपल्या तळ्यातले रोहू, मृगळ पाण्यावरचे किडे टिपण्यापेक्षा खालचे खाणे हुंगत फिरतात. त्यांच्यापुढे रंगीत पीस नाचवून काय उपयोग?

मद्रास इलाख्यातला मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस हाही याच निष्कर्षाला आला. १८७३ मध्ये त्याने भारतातल्या गळमासेमारीवर मोठा ग्रंथ लिहिला. नदीतल्या महसीरसाठी तो माश्या आणि फिरत्या चमच्यांबद्दल उत्साहाने बोलतो. पण तळ्यांमधल्या मासेमारीवर त्याने १८८७ मध्ये वेगळे पुस्तक काढले, कारण ती विद्याच वेगळी. पुढे चारच वर्षांनी, १८९१ मध्ये, मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी पवईचा तलाव बांधून झाला. विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) यांच्या मानाने हा धाकटा भाऊ कमनशिबी. त्याचे पाणी पिण्याजोगे राहिले नाही. म्हणूनच बहुधा तो गळवाल्यांच्या वाट्याला आला. महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनचे ठाणे तिथेच आहे, आणि तिथला शौक आजही मुख्यतः पिठाच्या आमिषाचा. सोमेश्वराला तिथे परके वाटले नसते.

मग पिसे कुठे आली? करडा रानकोंबडा हा अबूपासून सह्याद्रीच्या रांगेने थेट केरळपर्यंत राहणारा पक्षी, जगात भारताबाहेर कुठेही नैसर्गिकरीत्या न आढळणारा. नराच्या मानेवरची लांब पिसे काळपट असतात आणि प्रत्येकाच्या टोकाशी पांढरा व पिवळसर ठिपका असतो. हा ठिपका नुसता रंग नव्हे. तिथे पिसाचे तंतू एकमेकांत मिसळून मेणासारखा गुळगुळीत, चपटा पापुद्रा तयार झालेला असतो. पाण्यात तो डोळ्यासारखा चमकतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर स्कॉटलंडमध्ये निघालेली ‘जॉक स्कॉट’ ही सामनची माशी असो किंवा जॉर्ज केल्सनने १८९५ च्या ग्रंथात नोंदवलेल्या असंख्य माश्या असोत, हा डोळा जागोजाग हवाच. त्याच्या जोडीला आपल्याच मोराची पिसे आणि तणमोराचीही.

यात एक क्रूर तपशील आहे. पावसाळ्याच्या सुमाराला नराची ही पिसे गळतात आणि काही महिने तिथे आखूड, काळपट पिसे येतात. म्हणजे मान विकण्याजोगी असते ती नर पूर्ण शृंगारात असताना, विणीच्या दिवसांसह. पहाटे ओरडून स्वतःचा ठावठिकाणा सांगणारा पक्षी फासेपारध्याला सापडायला फारसा अवघड नसावा. त्या मानेचे पैसे गिऱ्हाइकापर्यंत जाताना किती वाढत असतील, याचा अंदाज वाचकाने करावा.

१९०२ मध्ये भारत सरकारने पक्ष्यांची कातडी आणि पिसे निर्यात करण्यावर बंदी घातली. ब्रिटनने आयातबंदीचा कायदा केला तो १९२१ मध्ये, आणि त्याला मुख्य कारण बायकांच्या टोप्या, गळ नव्हे. गळवाल्यांच्या पेट्यांत या माना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही होत्याच. गंमत अशी, की १९०० च्या सुमाराला स्कॉटलंडहून ट्राउटची अंडी काश्मीरला आणून तिथल्या ओढ्यांत मासे वाढवले गेले. मासा तिकडून इकडे आला, पीस इकडून तिकडे गेले.

हा शौक संपला असे मानू नये. २००९ मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंग येथील निसर्गसंग्रहालयातून २९९ पक्ष्यांची कातडी चोरीला गेली. चोर जुन्या पद्धतीच्या माश्या बांधणारा तरुण होता. चोरलेल्यांत ‘इंडियन क्रो’ या व्यापारी नावाचा पक्षीही होता. तो भारतीय नाही आणि कावळाही नाही, दक्षिण अमेरिकेतला आहे. त्याच ट्रिंगमध्ये ॲलन ह्यूम याने १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला दिलेला भारतीय पक्ष्यांचा प्रचंड संग्रह आहे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईला गोकुळदास तेजपाल पाठशाळेत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरवणारा हाच ह्यूम.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने रानकोंबड्याची शिकार आणि त्याच्या पिसांचा धंदा हा गुन्हा ठरला. इंग्लंडमध्ये मात्र हाच पक्षी पिंजऱ्यात वाढवून त्याच्या माना रीतसर विकल्या जातात. ज्यांना ती किंमत झेपत नाही, ते प्लॅस्टिकच्या पट्टीवर छापलेले पांढरे-पिवळे ठिपके कापून आकड्याला बांधतात. मासे त्यालाही लागतात.