पैसा आला, पण कुणाच्या नावावर?



गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो, "पीएम किसानचा हप्ता जमा झाला का?" कुणी हो म्हणतं, कुणी केवायसी राहिली म्हणतं. दुसऱ्याचं रान वाट्याने करणाऱ्या बायका मात्र गप्प असतात. हप्ता जमीन नावावर असलेल्याला मिळतो, त्यांचं नाव कुठेच नसतं.

यावरून आज एक लांबची, पण कापसाचीच गोष्ट सांगते. अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यात पॉइन्सेट नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. तिथे मोठे जमीनदार होते आणि त्यांची शेतं अर्धेलीने कसणारी गोरी-काळी कुटुंबं होती. बायका-मुलंही कापूस वेचायला जायची. किराणा बहुधा मालकाच्याच दुकानातून उधारीवर यायचा. हंगाम संपला की हिशेब मालकच करायचा.

१९२९ मध्ये मंदी आली. पाउंडाला १७ सेंटच्या आसपास असलेला कापसाचा भाव १९३२ पर्यंत सहा-सात सेंटवर उतरला. १२ मे १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी नवा शेती कायदा केला. पीक कमी घ्या, भाव वाढेल आणि नुकसानीची भरपाई सरकार देईल, असा तो कायदा. पण तोवर कापूस शेतात उभा होता. त्यामुळे सुमारे एक कोटी एकरांवरचा कापूस नांगरून टाकला गेला. सरीतून चालायला शिकलेली खेचरं उभ्या झाडांवर पाय द्यायला तयार होईनात, असं लोक सांगत.

भाव वाढला, पैसाही आला. पण सरकारचा करार मालकाशी होता. १९३४च्या करारात न पिकवलेल्या कापसाला पाउंडामागे साडेचार सेंट ठरले. त्यातले चार सेंट मालकाचे आणि कसणाऱ्याचा अर्धा सेंट! तोही कित्येकदा जुन्या उधारीत वळता व्हायचा. कुळांना जमिनीवर ठेवावं, असं करारात लिहिलं होतं, पण "शक्य असेल तितपत". त्या एका शब्दाने घात केला. पेरा कमी झाला, माणसं नकोशी झाली आणि हजारो कुटुंबं रस्त्यावर आली.

जुलै १९३४ मध्ये याच काउंटीतल्या टायरॉन्झा गावाजवळ अठरा जण एकत्र बसले. अकरा गोरे, सात काळे. त्या काळी असं एकत्र बसणंही धोक्याचं होतं. त्यांनी कुळांची संघटना काढली. पुढे बायकाही आल्या आणि लिहिता-वाचता येणाऱ्या कित्येकींनी शाखेच्या चिटणिसाचं काम सांभाळलं. मारहाण झाली, गोळीबार झाला, तरी संघटना टिकली. कसणाऱ्याचा वाटा थेट त्याच्या हाती द्यावा, हे पुढच्या कायद्यांमध्ये आलं. पण तोवर अनेक मालकांनी कुळं काढून रोजंदार आणि ट्रॅक्टर आणले होते. हक्क आला, पण तो घ्यायला माणूस जमिनीवर उरला नव्हता.

या गोष्टीतून मी एवढंच घेतलं की योजना चांगली असली तरी पैसा कागदावरच्या नावाकडेच जातो. पीएम किसान २०१९ मध्ये सुरू झाली. वर्षाला सहा हजार रुपये मिळतात, तेही जमीनधारक कुटुंबाला. खुरपणी, वेचणी आपण करतो, पण सातबाऱ्यावर आपल्यातल्या किती जणींचं नाव आहे? शेतकरी संघटनेने "लक्ष्मीमुक्ती"ची मोहीम काढली, ती बाईचं नाव जमिनीला लागावं म्हणूनच. आज नवऱ्याच्या सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून बायकोचं नाव लावता येतं. त्यासाठी तलाठ्याकडे चौकशी करा. वाट्याने करत असाल, तर निदान करार लेखी करा.

पुढच्या बैठकीला पासबुकासोबत घरचा सातबाराही आणा. सगळ्या मिळून वाचू. नाव कुणाचं आहे, ते आपल्याच डोळ्यांनी बघू.