पडद्याची वाट पाहणारा राम

इतिहास लिहिताना आपण लढाया मोजतो, तह मोजतो. एखादी कलाकृती रसिकांपर्यंत पोचावयास किती वर्षे लागली, हे सहसा मोजीत नाही. जपानी चित्रांकित बोलपटांची, म्हणजे ‘ॲनिमे’ची, भारतातील हकीकत या हिशेबाने पाहण्यासारखी आहे.

कलाकृती निर्माण होणे निराळे आणि तिला पडदा मिळणे निराळे. जपानचा पूर्ण लांबीचा पहिला चित्रांकित बोलपट, ‘मोमोतारो’चा, एप्रिल १९४५ मध्ये लागला. तो आरमाराच्या प्रचारासाठी काढलेला होता. बॉम्बफेकीने होरपळलेल्या ओसाकात त्याला प्रेक्षक कोठून मिळणार? पण त्या थोडक्या प्रेक्षकांत ओसामु तेझुका नावाचा सोळा वर्षांचा मुलगा होता. १९६३ मध्ये त्यानेच ‘तेत्सुवान आतोमू’ ही मालिका जपानी दूरचित्रवाणीवर आणली. रिकाम्या खुर्च्यांवरून कलेचे भविष्य ठरवू नये, ते यासाठी.

आता आपल्याकडे वळू. युगो साको या जपानी गृहस्थांना रामकथेने वेड लावले. देवांची चित्रे हलवून दाखविणे उचित काय, अशी शंका येथे घेतली गेली. तरी त्यांनी नाद सोडला नाही. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगपट विभागात १९५६ पासून हात घडविलेले राम मोहन त्यांना येऊन मिळाले; संगीत वनराज भाटियांनी दिले. १९९२ मध्ये बोलपट पुरा झाला आणि जानेवारी १९९३ मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखविलाही गेला. पण देशभरच्या चित्रगृहांची दारे त्यास उघडली नाहीत. मुलांनी तो पाहिला, तो घरच्या दूरचित्रवाणीवर.

तीच मुले मोठी झाली. माकोतो शिंकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ भारतात लागावा म्हणून पन्नास हजारांहून अधिक रसिकांनी सह्यांचा अर्ज केला, आणि ११ ऑक्टोबर २०१९ रोजी पीव्हीआरसारख्या मोठ्या साखळीच्या पडद्यावर तो आला. शिंकाई स्वतः भारतात आले. दैवयोग असा की, त्याच दिवशी राम मोहन निवर्तले. युगो साको २०१२ मध्येच गेले होते. ज्या दोघांनी दार ठोठावले, त्यांपैकी एकानेही ते उघडलेले डोळे भरून पाहिले नाही. त्यांचा राम सर्वत्र प्रदर्शित झाला २४ जानेवारी २०२५ रोजी. म्हणजे १४ वर्षांच्या वनवासाच्या दुपटीहूनही अधिक काळाने. त्याच वर्षी सप्टेंबरात ‘डीमन स्लेयर’चा नवा पट आला, तेव्हा तर चित्रगृहे तरुणांनी ओसंडून गेली.

यांतून आम्ही काय घ्यावे? चित्रगृहांच्या साखळ्यांना दोष देऊन भागणार नाही. त्यांचा धंदा गल्ल्यावर चालतो, आणि मागणी दिसल्यावाचून ते पडदा देत नाहीत. मागणी दाखविणे हे प्रेक्षकांचे काम, व ते पन्नास हजारांनी केले. मात्र या दोन्ही पटांचे अवतार हिंदीत झाले, तमिळमध्ये झाले, तेलुगूत झाले. मराठीत झाले नाहीत. ज्या मुंबईत राम मोहन यांचा हात घडला, तिच्या भाषेत त्यांचा राम बोलला नाही. आम्ही मागितलेच नाही, हे त्याचे कारण असेल, तर उपाय आमच्याच हाती आहे.