फिल्म धुतल्यावर कळणारा दोष

मंडळी, सिनेमाचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा पहिला चित्रपट कोणता आणि तो कोणी काढला, एवढ्यावरच थांबतो. आज जरा वेगळ्या बाजूनं जाऊ. कॅमेरा बिघडला तर ही माणसं काय करत होती?

हातानं दांडा फिरवून चालवायच्या कॅमेऱ्याची मोठी पंचाईत अशी, की चित्रण चालू असताना आत काय चुकतंय हे कळायचंच नाही. दोष दिसायचा तो फिल्म धुतल्यावर. तोवर ऊन उतरलेलं, नटमंडळी घरी गेलेली. मग ती फिल्म उजेडात धरायची आणि चोराचा माग काढावा तसा दोषाचा माग काढायचा.

आत दोन हालचाली एका तालात चालतात. धातूची एक नखी फिल्मच्या कडेच्या छिद्रांत शिरते आणि फिल्म एक फ्रेम खाली ओढते. ती ओढत असताना गोल फिरणारं शटर उजेड अडवतं. दांड्याच्या एका फेऱ्यात साधारण आठ फ्रेम, सेकंदाला दोन फेरे. आता हा ताल जरा चुकला, म्हणजे फिल्म सरकत असतानाच शटर उघडं राहिलं, तर पांढऱ्या सदऱ्याला, दिव्याला उभी शेपटी फुटते. ती वर आहे की खाली, यावरून शटर लवकर उघडतंय की उशिरा मिटतंय, हे ओळखता येतं. सलग उभी रेघ दिसली तर फिल्म जिथून सरकते त्या गेटमध्ये कचरा किंवा खरवड. प्रत्येक दृश्याच्या सुरुवातीलाच धुरकटपणा असेल तर कॅमेरा थांबलेला असताना कुठल्या तरी फटीतून उजेड आत येतोय. आणि चित्र नुसतंच थरथरत असेल? मग कॅमेरा सोडा, आधी छिद्रं तपासा.

ही छिद्रं आपल्याकडे कुठे पडत होती माहीत आहे? दादरच्या एका घरात. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, आणि त्याच्याबरोबर छिद्रं पाडायचं यंत्रही. कारण कच्ची फिल्म यायची ती बिनछिद्रांची. अंधारात बसून एका फ्रेमला दोन्ही कडांना चार-चार छिद्रं, सगळी सारख्या अंतरावर. हे काम सरस्वतीबाई फाळके शिकल्या, फिल्म धुणंही शिकल्या. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’चं चित्र पडद्यावर स्थिर राहिलं, त्यात त्यांच्या हाताचा वाटा आहे. आपण त्यांना ‘दादासाहेबांना साथ देणाऱ्या’ म्हणून मोकळे होतो. मला ते पटत नाही. हे सरळसरळ तंत्रज्ञाचं काम आहे.

फाळक्यांकडे निदान कारखान्यात नीट जुळवलेला कॅमेरा होता. कोल्हापुरात तोही नव्हता. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नाटकांचे पडदे रंगवणारे. फाळक्यांचा सिनेमा पाहून त्यांना या गोष्टीचं वेड लागलं. त्यांनी सिनेमे दाखवण्याचा धंदा सुरू केला आणि बाजूला स्वतःचा कॅमेरा जुळवायला घेतला. माझ्या मते हा धंदा हीच त्यांची शाळा. प्रोजेक्टर म्हणजे कॅमेऱ्याचा सख्खा भाऊ: तीच थांबत-थांबत सरकणारी फिल्म, तेच शटर. फरक एवढाच, की प्रोजेक्टरचा दोष लपत नाही. फिल्म अडकली की पडद्यावर तत्क्षणी दिसतं, आणि नाही दिसलं तर प्रेक्षक शिट्ट्या मारून सांगतात!

१९१६मध्ये आनंदराव गेले. कॅमेरा अर्धवट. तिथेच हा विषय संपला असता. पण बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांना हाताशी धरलं आणि १९१८ साली चालणारा कॅमेरा उभा केला. १९२०ची ‘सैरंध्री’ आली ती या खटपटीतून. दामले पुढे १९२९मध्ये ‘प्रभात’च्या संस्थापकांत होते, आणि बोलपट आल्यावर त्यांनी ध्वनिमुद्रण हाती घेतलं. यंत्र नवं, सवय मात्र जुनीच: उघडून बघायची.

आता आपल्या उपनगरात येऊ. इथून जवळच मालाडला १९३४मध्ये ‘बॉम्बे टॉकीज’ उभी राहिली. इथली तऱ्हा अगदी वेगळी. यंत्रं परदेशी आणि ती जाणणारी माणसंही परदेशी. कॅमेऱ्यामागे योझेफ विर्शिंग, जर्मन. १९३९मध्ये युद्ध पेटलं आणि शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून या जर्मन मंडळींना इंग्रज सरकारनं अटकेत टाकलं. यंत्रं मालाडला, जाणकार तुरुंगात! स्टुडिओ बंद पडायला एवढं कारण पुरेसं होतं. पण त्यांच्या हाताखाली शिकलेल्या लोकांनी काम चालू ठेवलं. १९४३मध्ये त्याच स्टुडिओतून ‘किस्मत’ बाहेर पडला, आणि त्याचं छायाचित्रण आर. डी. परीन्जा यांचं होतं.